बाळंतिणीच्या खोलीतला आकडा

मॅडमनी यंत्र माझ्या हातात दिलं तेव्हा माझी नात एकोणीस दिवसांची होती. त्यातले नऊ दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, म्हणजे आमच्या घरी ती दहाच दिवसांची. महिनाभर आधी आली. वजन इतकं कमी की पहिल्यांदा हातात दिली तेव्हा दुपट्यात खरंच कुणी आहे का, म्हणून मी उलगडून बघितलं. मुलांच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "छाती कच्ची आहे हिची. रोज श्वास मोजत जा. मिनिटाला साठच्या वर गेले आणि परत मोजूनही तेवढेच भरले, तर विचार करत बसू नका, सरळ घेऊन या." त्या दिवसापासून माझी लेक श्वास मोजायला लागली आणि दहा दिवसांनी मी धूळ मोजायला लागले.

मी कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक आहे. सत्तावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, त्यातल्या फार थोड्या फोडल्या. सगळे मला मावशी म्हणतात. प्राचार्यही म्हणतात, ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे आहेत. मी तापट आहे असंही सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांना सत्तावीस वर्षं फुटक्या नळ्यांचा जाब विचारावा लागला नाही, त्यांना शांत राहायला काय जातंय?

पर्यावरण शिकवणाऱ्या मॅडम नवीन, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी एक प्रकल्प घेतला होता: सोलापुरात वेगवेगळ्या ठिकाणी हवेत बारीक धूळ किती ते मोजायचं. विद्यार्थी उन्हात फिरायला तयार नव्हते, म्हणून यंत्र माझ्याकडे आलं. तंबाखूच्या डबीपेक्षा मोठं, जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. एका बाजूला भोक, आत इवलासा पंखा. तो हवा ओढतो आणि वर आकडा येतो. आकड्याच्या शेजारी दिवा: हिरवा, पिवळा, लाल आणि सगळ्यात शेवटी जांभळा. "जांभळा आपल्याकडे लागणार नाही बहुतेक," मॅडम म्हणाल्या. मला जरा वाईटच वाटलं. आपल्या गावाला कुणी कमी लेखलं की मला आवडत नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही साधी धूळ नव्हे. केसाच्या जाडीचे तीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा कण. नाकात अडत नाही, घशात अडत नाही, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. "डोळ्यांना दिसते ती धूळ नाही मोजायची, मावशी. दिसत नाही ती मोजायची."

"दिसत नाही तर मग ती झाडायची कशी?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, तो प्रकल्पाचा पुढचा टप्पा आहे.

एक वहीही दिली. तिच्यात चार रकाने आखलेले: ठिकाण, वेळ, काय चालू होतं आणि स्रोत. स्रोत म्हणजे ही धूळ कुठून येते ते. म्हणजे दोष कुणाचा, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. चार रकान्यांत तो मला सगळ्यात आवडला. मी आयुष्यभर तोंडी भरत आले होते, आता छापील मिळाला.

आकडे मी इथं सांगत नाही. मॅडमनी बाहेर सांगायचे नाहीत म्हणून बजावलंय. दिव्यांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी सात रस्ता चौक. रसवंतीवाल्याकडून खुर्ची मागून घेतली आणि मांडीवर यंत्र ठेवून तासभर बसले. दिवा पिवळा, सिग्नल सुटला की लाल, परत पिवळा. एक रिक्षावाला दोनदा फिरून गेला आणि तिसऱ्यांदा थांबून म्हणाला, "खाला, इसमें मेरा नाम आता क्या?" मी म्हटलं, येतं. त्या तासात तो परत तिकडं फिरकला नाही. स्रोताच्या रकान्यात मी 'रिक्षा' लिहिलं आणि घरी आले.

घरी म्हणजे जुळे सोलापूर, दुसरा मजला. समोरचा रस्ता वर्षभर उकरलेला. त्या धुळीनं माझा जीव जळायचा. बाळंतिणीच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या मी घट्ट बंद करून ठेवल्या होत्या आणि दाराच्या फटीला टॉवेल लावला होता. वाराच काय, मुंगी आत येत नव्हती. आणि सकाळ-संध्याकाळ, न्हाऊ-माखू झालं की धुरी.

धुरी देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आमच्या नात्यातल्या किती बाळंतिणी माझ्या हाताखालून गेल्या. शेगडीत गोवरीचे निखारे फुलवून घ्यायचे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा आणि लसणाची सालं टाकायची. धूर दाट झाला की शेगडी बाजेखाली सरकवायची, बाळंतिणीला वर बसवायचं आणि बाळाला दुपट्यात धरून धुरावरून तीनदा फिरवायचं. बाज आता कुठली, लोखंडी पलंग होता. गोवऱ्या आणायला आमचे हे स्कूटरवरून पार गावाबाहेरच्या गोठ्यावर जायचे. सव्वा महिना धुरी द्यायची असते. आता हा सव्वा महिना जन्मापासून मोजायचा की पेटीतून बाहेर आल्यापासून, हे विचारायला कुणी जुनं माणूस उरलेलं नाही. मी पेटीपासून मोजला. तेवढेच नऊ दिवस जास्त मिळाले.

लेक कुरकुर करायची. "आई, नको गं. डोळे झोंबतात. तिचेही झोंबत असतील."

"झोंबू देत. तू ह्याच धुरीवर वाढलीस. मेलीस का?"

मग ती दुपट्याचं टोक बाळाच्या डोळ्यांवर ओढायची. बाळंतीण माहेरी आली की तिला बोलायला तोंड नसतं, ही आपल्याकडची रीत आहे आणि तोवर मला ती चांगली रीत वाटत होती.

दुसरं ठिकाण कडक भाकरीचं. शहराच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्यात एक बाई रोज ज्वारीच्या भाकऱ्या करून कडक वाळवते आणि दुकानांना देते. कोरडवाहू तालुक्यातून आलेली, मेंढरं सोडून भाकरीला लागलेली. आदल्या दिवशी मी निरोप पाठवला होता. गेले तर शेड झाडून सारवलेली, पाण्याचा सडा मारलेला आणि चूल थंड.

"चूल का विझवली?"

"व्हय की. सकाळच्यानं इझवून बसलीया. मशीन येनार म्हनलं, धुरात कसं बसवायचं पावण्याला?"

मी कपाळाला हात लावला. चूल पेटवायला लावली. तिनं तीन भाकऱ्या टाकल्या तोवर दिवा लाल झाला आणि लालच राहिला. धुरानं माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डोळे पुसता पुसता कोपऱ्यात बघितलं तर साडीचा पाळणा बांधलेला, आणि तो हलत होता.

"कोण आहे त्यात?"

"नातू. चार म्हैन्याचा हाय."

माझी सटकली. म्हटलं, "अगं, लाज वाटत नाही? एवढ्याशा जिवाला ह्या धुरात? हे यंत्र बघ काय दाखवतंय! हा धूर नाकात अडत नाही, घशात अडत नाही, थेट तळाशी जाऊन बसतो." मॅडमचं सगळं भाषण मी तिला ऐकवलं, हातवाऱ्यांसकट.

तिनं शांतपणे भाकरी उलटली. "ताई, तुमी बाळंतिनीला धुरी देता का न्हाय?"

"देते की."

"मग?"

"ती औषधी असते," मी म्हटलं.

तिला ते पटलं असावं. निदान तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. मी 'चूल' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या ठिकाणासाठी मात्र मी स्वतः हट्ट धरला. पूर्व भागात आम्ही लेक चौदा वर्षांची होईपर्यंत राहिलो. आमच्या स्वयंपाकघराची आणि शेजारच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याची, भिंत एकच. चार लूम दिवसभर खडखडायचे आणि कापसाची लव उडून आमच्या ताटात यायची. लेकीला लहानपणापासून दम. थंडीत छाती अशी वाजायची की शेजारच्या खोलीत ऐकू यावी. आठव्या वर्षी डॉक्टरांनी तिला तोंडानं ओढायचा पंप दिला, तो आजही तिच्या उशाखाली असतो. ह्याला कारण ती लूम, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. लूमवाल्याच्या बायकोशी मी त्यावरून मनसोक्त भांडले. मी मराठीत, ती तेलुगूत, दोघींनाही सगळं कळायचं. शेवटी त्या लवेपायीच घर सोडलं आणि इकडं आलो.

म्हणून यंत्र हातात आल्यावर मला पहिली आठवण त्या लूमवालीची झाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण हा आरसा मला तिला दाखवायचा होता.

ती म्हातारी झाली होती. भुवया पांढऱ्या, त्यातल्या निम्म्या वयानं आणि निम्म्या लवेनं. मला बघताच "रा, अक्का, रा!" म्हणत तिनं आत बोलावलं. भांडण तिच्या लक्षात नव्हतं की सोडून दिलं होतं, कुणास ठाऊक. मी यंत्र लूमच्या शेजारी स्टुलावर ठेवलं. लव भुरभुरत होती, माझ्या साडीवर बसत होती, यंत्रावरसुद्धा बसली. दिवा पिवळा. मी वाट बघितली. पिवळाच. मी यंत्राला दोन टपल्या मारल्या. पिवळा.

तेवढ्यात ती आतून हळदीकुंकू आणि उदबत्ती घेऊन आली. नवीन यंत्र घरात आलं, तर पूजा नको? कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि स्टुलाच्या फटीत खोचून ठेवली. दिवा तत्क्षणी लाल. उदबत्ती संपली, थोड्या वेळानं परत पिवळा.

मॅडमना मी ही तक्रार सांगितली. त्या म्हणाल्या, "लव मोठी असते, मावशी. ती नाकाघशात अडकते. ती चांगली असं नाही, लूमवरची माणसं खोकतातच. पण आपलं यंत्र ते मोजत नाही. आपलं यंत्र जळलेलं काही असलं की लगेच पकडतं." थोडक्यात, माझं इतक्या वर्षांचं भांडण पिवळ्यावर आलं. वहीत मी स्रोत 'उदबत्ती' लिहिला, पण मनातून नाही लिहिला.

निघताना लूमवालीनं नातीसाठी एक मऊ टॉवेल दिला होता. तो मी घरी आल्यावर दाराच्या फटीला लावला, आधीचा पातळ होता.

ह्या सगळ्या दिवसांत नातीची छाती काही सुधारत नव्हती. दूध ओढताना मधेच सोडायची, दोन्ही नाकपुड्या फुगवून दम खायची आणि परत ओढायची. कफ झालाय, म्हणून मी ओवा वाढवला. तरी बरं वाटेना, म्हणून वावडिंग वाढवलं. लेक भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत श्वासाचे आकडे लिहीत होती. मला चष्म्याशिवाय ते दिसत नव्हते आणि चष्मा लावून बघायला सवड नव्हती. मी दिवसभर गावाची हवा बघत होते.

तीन आठवड्यांनी मॅडमनी मला बोलावलं. संगणकावर त्यांनी सगळे आकडे रेघेत मांडले होते. त्यांचा चेहरा असा खुलला होता, जसा परीक्षेत पहिला आलेल्याचा असतो.

"मावशी, हे बघा. हे सात रस्ता." रेघेला थोडा उंचवटा होता. "ही भाकरीची शेड." जरा मोठा उंचवटा. "आणि हे काय शोधलंत तुम्ही?"

पुढं रेघ सरळ वर जाऊन खाली येत होती. परत वर, परत खाली. फणीच्या दातांसारखे एकसारखे उभे सुळके. त्यांच्यापुढं सात रस्ता जमिनीवर झोपल्यासारखा दिसत होता.

"जांभळा आहे हा, मावशी. रोज दोनदा. सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा. वहीत मात्र ह्याची नोंदच नाही. रोज कुठल्या भट्टीवर जाता तुम्ही?"

"सकाळी साडेनऊला?" मी म्हटलं. "घरीच असते की."

इथं मला एक कबुली द्यायला हवी. यंत्र घरी नेलं की बंद करायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी ते कधीच बंद केलं नाही. आमची स्कूटर एकदा बंद झाली की अर्धा तास किका मारायला लावते, त्यामुळं चालू लागलेलं यंत्र बंद करू नये हा आमच्या घरातला नियम आहे. पिशवीसकट ते मी खिळ्याला अडकवून चार्जिंगला लावायची. चार्जिंगची जागा बाळंतिणीच्या खोलीत.

मॅडम बोलत होत्या, मी रेघ बघत होते. मधे एक दिवस होता, त्या दिवशी एकही सुळका नव्हता. तारीख विचारली. त्या दिवशी गोठ्यावरून आलेल्या गोवऱ्या ओल्या निघाल्या होत्या आणि शेगडी पेटली नव्हती. मी त्यावरून ह्यांना दिवसभर बोलले होते.

"मावशी, बरं वाटत नाही का? बसा," मॅडम म्हणाल्या.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सत्तावीस वर्षांत मी कारण न लिहिता रजा टाकली ती तेवढीच.

घरी आले तेव्हा बाळ झोपलेलं. मी चष्मा लावला आणि कॅलेंडरपुढं उभी राहिले. प्रत्येक चौकोनात चार आकडे. सकाळी उठल्यावर बेचाळीस, त्रेचाळीस. दहा वाजता छप्पन्न, अठ्ठावन्न. दुपारी खाली. सात वाजता परत वर. ओल्या गोवऱ्यांच्या दिवशी चारही वेळा बेचाळीस-त्रेचाळीस. आणि परवाच्या चौकोनात, संध्याकाळी, एकसष्ट. त्याच्यापुढं कंसात: परत मोजले, सत्तावन्न.

लेक दारात उभी होती. मी विचारलं, "एकसष्ट झाले होते? मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आणखी ओवा टाकला असतास," ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिनं. रागही नव्हता. पाऊस पडला तर कपडे भिजतात, असं सांगावं तसं सांगितलं. मी पलंगावर बसले. यंत्र, सुळके, साडेनऊ, साडेसहा, सगळं तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती आता तरी तोंड सोडेल. मी तिच्या जागी असते तर शेजारपाजार गोळा केला असता.

ती उशाखालचा पंप हातात घेऊन फिरवत बसली. मग म्हणाली, "लहानपणी मला दम लागला की तू धुरी द्यायचीस. त्यानंतर जास्तच लागायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणायचीस की, जालीम औषध असंच असतं. आधी वाढतं, मग उतरतं. मला वाटायचं, औषध काम करतंय."

मला रडू आलं. लपवलं नाही. लपवायला खोलीत जागा नव्हती आणि मीच दार बंद केलेलं होतं. रागही आला, भयंकर आला, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. आयुष्यात ही अडचण मला पहिल्यांदाच आली. लूमवाली आठवली. आठ वर्षांच्या पोरीची वाजणारी छाती आठवली आणि तिच्यापुढं शेगडी सरकवून "ओढ, जोरात ओढ" म्हणणारी मी आठवले.

साडेसहाला आमचे हे नेहमीप्रमाणं गॅलरीत फुलवलेली शेगडी चिमट्यानं धरून घेऊन आले. मी म्हटलं, "विझवा."

"का? आज शेणी वाळलेल्या आहेत," ते म्हणाले. ओल्या गोवऱ्यांचा बोल त्यांच्या मनातून गेला नव्हता.

मी सगळं सांगितलं. ते निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतून आले, हात पुसले आणि म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." एरवी मी त्यांना एवढ्यावर सोडलं नसतं. त्या दिवशी म्हटलं, "हो."

दाराचा टॉवेल काढला, खिडक्या उघडल्या. समोरच्या उकरलेल्या रस्त्याची धूळ आत आली, तिला मी काही बोलले नाही. यंत्र पिशवीतून काढून पलंगावर ठेवलं. पिवळा, मग थोड्या वेळानं हिरवा. बाळाच्या पोटावर हात ठेवून मी घड्याळाकडं बघत श्वास मोजले. पहिल्यांदा चुकले, कारण मीच श्वास रोखून धरला होता. दुसऱ्यांदा चव्वेचाळीस भरले. कॅलेंडरवर तो आकडा मी लिहिला. लेकीनं माझं अक्षर बघून सात वाजल्याची वेळ घातली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. लेकीच्या दम्याचंही विचारलं. त्या सावधपणे म्हणाल्या, एका यंत्रावरून तसं म्हणता येत नाही, मावशी, दमा शंभर कारणांनी होतो. चांगल्या घरची मुलगी आहे. पुढच्या दहा-बारा दिवसांत कॅलेंडरवरचे आकडे सकाळ-संध्याकाळ सारखे यायला लागले. बाळ दूध न सोडता प्यायला लागलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं आणि म्हणाले, "छान, काय केलंत?" मी म्हटलं, काही नाही केलं. ते खरंच होतं.

भाकरीवाल्या बाईकडं मी परत गेले, यंत्राशिवाय. तिला 'लाज वाटत नाही' म्हटलं होतं, ते परत घ्यायचं होतं. कोपऱ्यात पाळणा नव्हता. शेडबाहेर बाभळीला बांधला होता.

"तुमी वरडला त्याच दिशी हलिवला," ती म्हणाली. "लई शिकल्याली बाई सांगतीया, म्हनलं, खरंच आसंल."

मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला बसायला पाट दिला.

प्रकल्पाची वही द्यायची वेळ आली. मॅडमनी त्या सुळक्यांसाठी एक ओळ मोकळी ठेवली होती, म्हणाल्या, तुमच्याच हातानं भरा. मी ती घरी आणली. ठिकाण: बाळंतिणीची खोली, जुळे सोलापूर. वेळ: सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा. काय चालू होतं: धुरी. स्रोत: शेगडी. लिहून झालं आणि परत वाचलं. सात रस्त्याला मी रिक्षा लिहिलं होतं, शेडमध्ये चूल. पण शेगडी काही आपल्या पायांनी पलंगाखाली जात नाही. 'शेगडी' खोडलं आणि 'आजी' लिहिलं.

लेक बाळाला खांद्यावर घेऊन मागं उभी होती. तिनं वाचलं. बाळाची पाठ थोपटत म्हणाली, "ही ओळ हिची झाली."

मी खाली आणखी एक ओळ आखली. ठिकाण: पूर्व भाग, लूमच्या भिंतीला लागून. वेळ: चौदा वर्षं. काय चालू होतं: धुरी. स्रोत: आई.

मॅडमनी वही तपासली आणि ती शेवटची ओळ पेन्सिलीनं हलकेच खोडली. म्हणाल्या, "मावशी, आकडा नसला तर नोंद घेता येत नाही." त्यांचं बरोबर आहे. माझ्या लेकीचे श्वास तेव्हा कुणी मोजले नव्हते.